मुखपृष्ठावरचा कंदील: लेयर कसे लावावेत, ब्लेंडिंग मोड कुठे वापरावेत

नवशिक्याची डिजिटल चित्राची फाइल उघडली की बहुतेक वेळा दोनपैकी एक प्रकार दिसतो. एक तर सगळं चित्र एकाच लेयरवर (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा थर), नाहीतर 'पेंट लेयर ४७'पर्यंत लांबलेली रांग, आणि त्यात फ्रॉकचा रंग नेमका कुठल्या लेयरवर आहे ते काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. दोन्हीकडे दुखणं एकच. नवा लेयर कधी घ्यायचा याचा काही नेम नाही.

माझा नेम साधा आहे: पुढे जे बदलावं लागेल असं वाटतं, ते वेगळं ठेवायचं. जे एकत्रच हलणार आहे, एकत्रच पुसलं जाणार आहे, ते एका लेयरवर राहिलं तरी काही बिघडत नाही. फ्रॉक आणि त्यावरचे ठिपके एका लेयरवर ठेवायचे की दोन, याचं उत्तर 'ठिपके काढून टाका असं कोणी सांगेल का?' या प्रश्नात आहे. संपादकासाठी काम करत असाल तर उत्तर 'हो' धरून चाला.

उदाहरणाला दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घेऊ. संध्याकाळ. चाळीची गॅलरी, कठड्यावर टांगलेला आकाशकंदील, उंबऱ्याशी पणती लावणारी फ्रॉकमधली मुलगी. वरच्या भागात अंकाचं नाव येणार, म्हणून ती जागा मोकळी. सॉफ्टवेअर क्रिटा घेतोय, कारण ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि लेयरच्या बाबतीत कुठे कमी पडत नाही. फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ, प्रोक्रिएट किंवा फोनवरचं आयबिसपेंट वापरत असाल तरी ब्लेंडिंग मोडची, म्हणजे वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा त्या पद्धतींची, नावं जवळपास तीच आहेत. जिथे वागणूक वेगळी आहे तिथे सांगतो.

पायरी १: कॅनव्हास

छापायचं चित्र आहे, तेव्हा ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. ए४ आकाराला ते २४८० × ३५०८ पिक्सेल होतात. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापली जाणारी जास्तीची कड) धरा, म्हणजे कटिंगमध्ये कडेला पांढरी रेघ राहणार नाही. कलर मॉडेल आरजीबी, ८ बिट, म्हणजे लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाला ० ते २५५ आकडा. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचं मॉडेल, शेवटी.

इथेच एक हिशोब करून ठेवू. ए४चा एक पूर्ण भरलेला लेयर म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट. म्हणजे मेमरीत साधारण ३५ एमबी. असे तीस लेयर झाले की एक जीबी ओलांडलाच. १६ बिट निवडलंत तर याच्या दुप्पट. प्रोक्रिएटमध्ये कॅनव्हास मोठा केला की लेयरची मर्यादा खाली येते, त्यामागे हेच गणित आहे. जुन्या लॅपटॉपवर ब्रश अडखळायला लागला तर आधी लेयर मोजा, मग लॅपटॉपला दोष द्या.

पायरी २: कच्चं रेखाटन

एक लेयर, नाव 'कच्चं', त्यावर मोकळेपणाने काढा. झालं की ऑपॅसिटी (अपारदर्शकता) २५ टक्क्यांवर आणा, लेयरला कुलूप लावा, वर नवा लेयर घ्या. कागदावर काढून स्कॅन केलं असेल तर स्कॅनच्या लेयरला मल्टिप्लाय मोड द्या. पांढरा कागद अदृश्य होतो आणि रेघा तेवढ्या उरतात. कागद खरोखरच काढून टाकायचा असेल तर क्रिटात फिल्टर मेनूत, कलर्सखाली 'कलर टू अल्फा' आहे; अल्फा म्हणजे पारदर्शकता.

पायरी ३: ग्रुप आधी, रंग मग

घाई इथेच होते. रेघ पक्की करायला घेण्याआधी ग्रुप, म्हणजे लेयर ठेवायचे कप्पे, करून ठेवा. खालून वर असे:

आकाश
चाळ
मुलगी
कंदील
सावली
उजेड
नावाची जागा

सगळ्या चित्राची लाइन एकाच लेयरवर काढायची सवय असते, आणि चित्र स्वतःसाठी असेल तर त्यात काही वावगं नाही. पण 'मुलगी जरा डावीकडे घ्या' असा फोन आला की रेघा आणि रंग दोन्ही हलवायचे, आणि मुलीची रेघ चाळीच्या रेघेत अडकलेली. म्हणून मुलीची लाइन मुलीच्या ग्रुपमध्ये, कंदिलाची कंदिलाच्या. मग ग्रुप धरायचा आणि सरकवायचा. मुलीमागची चाळही पूर्ण काढलेली असली पाहिजे, नाहीतर ती सरकली की मागे भोक.

क्रिटात लेयर निवडून कंट्रोल+जी दाबलं की ग्रुप होतो. नाव बदलायला लेयरच्या नावावर डबल क्लिक. नावं मराठीत द्या, इंग्रजीत द्या, पण द्या. फक्त 'फायनल', 'नवीन', 'वरचं' अशी नावं नकोत, कारण उद्या त्यावर आणखी एक 'वरचं' येतं. लेयरवर राइट क्लिक करून रंगाची खूणही लावता येते. मी सावलीच्या सगळ्या लेयरना जांभळी आणि उजेडाच्यांना पिवळी खूण लावतो. एखादा भाग कुठल्या लेयरवर आहे ते आठवत नसेल तर आर दाबून धरा आणि चित्रात तिथे क्लिक करा. क्रिटा तो लेयर निवडून देतं.

पायरी ४: फ्लॅट रंग

प्रत्येक ग्रुपमध्ये लाइनखाली सपाट रंग भरा. सावली नाही, चमक नाही, दिवसाउजेडी दिसेल तो रंग. संध्याकाळचं चित्र असलं तरी आत्ता दुपारच समजा. संध्याकाळ नंतर एका लेयरने आणायची आहे.

फिल टूल वापरताना रंग आणि रेघ यांच्यामध्ये पांढरी किनार राहते. टूलच्या सेटिंगमध्ये निवड १-२ पिक्सेलने वाढवायची सोय आहे, तेवढी चालू करा. रंग रेघेखाली थोडा सरकला की किनार गेली.

मुलीच्या ग्रुपमध्ये त्वचा, केस, फ्रॉक हे तीन लेयर पुरेत. बांगड्या, रिबीन, पायातलं पैंजण असं सुटं सुटं करत बसलात तर तीन तासांत तुम्ही पुन्हा 'पेंट लेयर ४७'वर.

पायरी ५: रेघेबाहेर न जाता रंगवणं

आता फ्रॉकवर सावली टाकायची, पण ती फ्रॉकबाहेर जाता कामा नये. दोन मार्ग.

पहिला अल्फा लॉक. फ्रॉकच्या लेयरवरचं चौकटीचं चिन्ह दाबलं की जिथे रंग आहे तिथेच ब्रश चालतो. झटपट, पण सावली त्याच लेयरमध्ये मुरते. नंतर वेगळी काढता येत नाही. ठिपके, नक्षी अशा गोष्टींना ठीक.

दुसरा क्लिपिंगचा. फोटोशॉप, प्रोक्रिएट, आयबिसपेंट यांत वरच्या लेयरला क्लिपिंग दिलं की तो लगेच खालच्या लेयरच्या आकारात कापला जातो. क्रिटात याला इनहेरिट अल्फा म्हणतात आणि ते थोडं वेगळं वागतं: त्याच ग्रुपमध्ये खाली जेवढे लेयर आहेत त्या सगळ्यांचा मिळून जो आकार होतो, तो घेतो. बाहेरून आलेला माणूस इथे हमखास अडतो. ग्रुप केलेला नसतो, तळाला पांढरी बॅकग्राउंड सगळ्या कॅनव्हासभर पसरलेली असते, त्यामुळे 'आकार' म्हणजे अख्खं पान. इनहेरिट अल्फाचं बटण दाबूनही काहीच होत नाही, म्हणून लोक बग समजून सोडून देतात. फ्रॉक आणि फ्रॉकची सावली एवढेच दोन लेयर एका छोट्या ग्रुपमध्ये टाका, मग बघा. कंट्रोल+शिफ्ट+जी हे काम एका झटक्यात करून देतं.

पायरी ६: मल्टिप्लाय, म्हणजे संध्याकाळ

ब्लेंडिंग मोड म्हणजे वरच्या पिक्सेलचा आकडा आणि खालच्याचा आकडा घेऊन केलेलं गणित. मल्टिप्लायमध्ये दोन्ही गुणायचे आणि २५५ने भागायचं, लाल, हिरवा, निळा तिन्हींसाठी वेगवेगळं. यातून तीन गोष्टी आपोआप निघतात: पांढरा गुणला तर फरक पडत नाही, काळा गुणला तर काळंच, आणि कुठलाही रंग गुणला तरी चित्र कधी उजळत नाही.

छपाईत हे आधीपासून आहे. राजा रविवर्म्यांचा लिथोग्राफचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या चित्रांत प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे आणि एकावर एक छापत नेत. पारदर्शक शाई खालच्या शाईवर बसली की दोन्ही मिळून गडद होतात. ते मल्टिप्लायच, आणि दगड म्हणजे लेयर. सॉफ्टवेअरमध्ये लेयर बऱ्याच नंतर आले. फोटोशॉपला ते १९९४च्या ३.० आवृत्तीत मिळाले.

आता करून बघू. 'सावली' ग्रुपमध्ये एक लेयर घ्या, निळसर जांभळ्या रंगाने पूर्ण भरा; आकडे १५०, १४०, १९०. मुलीच्या त्वचेचा दिवसाचा रंग २००, १५०, ११५ आहे असं धरा. गुणाकार केला की ११८, ८२, ८६ येतो. त्वचेत निळ्याहून हिरवा चांगला वर होता, आता निळा त्याच्या बरोबरीला आला. गाल संध्याकाळचा झाला. तेच निळसर जांभळ्याऐवजी साध्या करड्या १५०ने गुणलं असतं तर ११८, ८८, ६८ आलं असतं: तोच तपकिरी, नुसता मंद. चाळीची चुन्याची भिंत २३५, २३०, २१५ होती, ती १३८, १२६, १६० होते. भिंत जांभळट झाली की दिवेलागण झालीच.

सावलीला काळा किंवा करडा घेऊ नका असं सगळे सांगतात. कारण हे वरचे आकडे. मात्र रंग फार भडकही नको. शुद्ध निळ्यात लाल आणि हिरवा शून्य असतात, आणि शून्याने गुणलं की पिवळं झेंडूचं तोरण थेट काळं पडतं. सावलीच्या रंगात तिन्ही आकडे शंभराच्या वर ठेवले तर बहुतेक चित्रं सांभाळली जातात.

एका मल्टिप्लाय लेयरवर दुसरा, त्यावर तिसरा असं करू नका. ११८ला पुन्हा १५०ने गुणलं की ६९. आणखी एकदा गुणलं की चिखल. गडद हवं असेल तर पहिल्याच लेयरचा रंग गडद करा.

आणि आता ग्रुपचा खोडा. क्रिटात ग्रुप आधी आतल्या आत सगळं एकत्र करतो आणि मग तो निकाल खालच्या चित्रावर ठेवतो. 'सावली' ग्रुपमध्ये मल्टिप्लाय लेयर एकटाच आहे, त्याच्याखाली गुणायला काही नाही, म्हणून तो साध्या जांभळ्या पडद्यासारखा सगळं झाकून टाकतो. उपाय दोन: ग्रुपवरचं पास थ्रू चालू करा, म्हणजे आतले लेयर थेट खालच्या चित्राशी बोलतात, किंवा आतले लेयर नॉर्मलच ठेवा आणि मल्टिप्लाय ग्रुपलाच द्या. मला दुसरा आवडतो. मग ग्रुपमध्ये कितीही लेयर टाका, गुणाकार एकदाच होतो. फोटोशॉपमध्ये नवा ग्रुप मुळातच पास थ्रू असतो, म्हणून तिथून आलेल्या फाइली दुसरीकडे उघडल्या की कधी कधी रंग बदललेले दिसतात.

पायरी ७: उजेड

आधी अंधार काढा. सावलीच्या भरलेल्या लेयरला ट्रान्स्परन्सी मास्क लावा: लेयरवर राइट क्लिक, ॲड, ट्रान्स्परन्सी मास्क. मास्कवर काळा मऊ ब्रश फिरवला की तिथली सावली लपते, पांढरा फिरवला की परत येते. कंदिलाभोवती, मुलीच्या चेहऱ्याच्या पणतीकडच्या बाजूला, उंबऱ्यावर थोडं. खोडरबराने पुसलं तरी दिसायला हेच दिसेल, पण पुसलेलं परत आणता येत नाही. आणि उजेड किती पसरवायचा हे पहिल्या फटक्यात कधीच कळत नाही.

मग 'उजेड' ग्रुपमध्ये एक लेयर, स्क्रीन मोडवर. हाही ग्रुप तोच त्रास देईल, तेव्हा पास थ्रू करा किंवा मोड ग्रुपला द्या. स्क्रीन म्हणजे मल्टिप्लायचा उलटा: काळ्याने फरक पडत नाही, पांढऱ्याने पांढरं, आणि चित्र कधी गडद होत नाही. भिंतीचा एक अंधारा कोपरा ६०, ५५, ९० आहे आणि त्यावर नारिंगी २५५, १५०, ४० टाकला, तर येतो २५५, १७३, ११६. उबदार, पण अजून रंगात. हेच ॲडिशन मोडवर केलं तर नुसती बेरीज: २५५, २०५, १३०. जास्त प्रखर, आणि बेरीज २५५पाशी कापली जात असल्याने दोन झोत एकमेकांवर आले की रंग जळून पांढरट पिवळा होतो. म्हणून पसरलेल्या उजेडाला स्क्रीन, आणि ज्योतीच्या टोकाला, कंदिलाच्या आतल्या बल्बला ॲडिशनचे दोन-तीन फटकारे. फोटोशॉपमध्ये ॲडिशनला लिनिअर डॉज म्हणतात, प्रोक्रिएट आणि आयबिसपेंटमध्ये नुसतं ॲड.

या लेयरवर पूर्ण भडक नारिंगी वापरण्यापेक्षा दबलेला तपकिरी-नारिंगी घ्या. स्क्रीन आणि ॲडिशनला गडद रंगही उजळच करता येतो, आणि हाताला ताबा राहतो.

उजेडाचा ग्रुप लाइनच्या वर असल्याने कंदिलाजवळच्या काळ्या रेघाही नारिंगी होतील. राहू द्या. उजेडात रेघ विरघळते, ते छान दिसतं. कंदिलाच्या कागदी झिरमिळ्यांवर मात्र तपासा. तिथे रेघ फार फिकी झाली तर झिरमिळ्या दिसेनाशा होतात, आणि झिरमिळ्यांशिवाय कंदील म्हणजे नुसता खोका.

बाकीचे मोड

क्रिटाच्या यादीत डझनावारी मोड आहेत. नव्या माणसाने एकेक लावून बघण्यात एक रविवार घालवावा आणि मग विसरून जावं. रोजच्या कामाला मल्टिप्लाय, स्क्रीन, कधी ॲडिशन, आणि चौथा ओव्हरले. ओव्हरले खालचा रंग अर्ध्याहून गडद असेल तर मल्टिप्लायसारखा आणि उजळ असेल तर स्क्रीनसारखा वागतो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट वाढतो. सगळं झाल्यावर १५-२० टक्के ऑपॅसिटीचा एक नारिंगी ओव्हरले टाकला की वेगवेगळ्या ग्रुपचे रंग एका कुटुंबातले वाटतात. त्यापुढे गेलात की चेहरे भाजल्यासारखे दिसतात. खालचा रंग झगझगीत करणारा कलर डॉज नवशिक्यांचा लाडका, आणि माझ्या मते निम्म्या चित्रांची त्यानेच वाट लागते.

पाचवा मोड रंगवायला वापरायचा नाही, तपासायला आहे: कलर. सगळ्यांच्या वर करड्या रंगाने भरलेला लेयर, मोड कलर. चित्र कृष्णधवल दिसेल. मुलीचा चेहरा भिंतीत मिसळतोय का, कंदील सगळ्यात उजळ आहे का, हे तेव्हाच कळतं. बघून झालं की डोळ्याचं चिन्ह बंद.

एक गोंधळ टाळा. क्रिटात वरच्या पट्टीवर जो मोड दिसतो तो ब्रशचा, आणि लेयरच्या पॅनलमध्ये दिसतो तो लेयरचा. ब्रशच चुकून मल्टिप्लायवर गेला असेल तर प्रत्येक फटकाऱ्यासरशी रंग काळवंडत जातो आणि कारण सापडत नाही. 'आज ब्रश विचित्र वागतोय' असं वाटलं की आधी वरची पट्टी बघा.

पायरी ८: आवरणं आणि छापखान्याला देणं

लेयर मर्ज (दोनांचा एक) करायचे तर एकाच मोडचे, शेजारचे करा. मल्टिप्लाय खालच्या लेयरमध्ये मर्ज केला की त्याची सावली फक्त त्या एका लेयरपुरती उरते, त्याखालच्यांवरची गायब. मोठा टप्पा झाला की कंट्रोल+ऑल्ट+एस. क्रिटा जुनी फाइल तशीच ठेवून पुढच्या क्रमांकाची नवी करतं.

सीएमवायकेमध्ये रूपांतर करायचं ते नेहमी प्रतीचं. मूळ लेयरवाली फाइल आरजीबीतच ठेवा, प्रत काढा, सगळे लेयर एकत्र करा आणि मग रूपांतर करा. लेयर शाबूत असताना रूपांतर केलं तर प्रत्येक मोडचं गणित चार शायांच्या आकड्यांवर नव्याने होतं आणि तुमचा उजेड भलतीकडेच जातो. कुठलं कलर प्रोफाइल (शाई-कागदाप्रमाणे रंग बदलायचं कोष्टक) वापरायचं ते छापखान्याला विचारा. झगझगीत नारिंगी आणि गर्द निळा हे दोन्ही शाईत मंदावतात, म्हणजे आपल्या चित्रातले नेमके दोन मुख्य रंग. सपाट प्रतीवर थोडा कॉन्ट्रास्ट वाढवून बघा, पण मॉनिटरवरचा कंदील कागदावर जसाच्या तसा येणार नाही हे संपादकाला आधीच सांगून ठेवा.

अंकाचं नाव कुठे येणार याची नुसती खूण असलेल्या 'नावाची जागा' या ग्रुपचा डोळा बंद केल्याशिवाय फाइल पाठवू नका.